पिक्चरचं परमिट

जगात ज्याला ज्याला म्हणून मुदत आहे, त्या प्रत्येक गोष्टीची शेवटची तारीख आमच्या साडूंना पाठ आहे. माझ्या स्कूटरचा विमा, शेजारच्यांचा भाडेकरार, सोसायटीच्या लिफ्टचं प्रमाणपत्र, आमच्या मुलाचा पासपोर्ट, फ्रीजमधलं चीज, सगळं. इतर पाहुणे घरात आल्यावर आधी "काय म्हणताय?" विचारतात. साडू चपला काढता काढता जिन्यातल्या लाल नळकांड्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "पाव्हणं, हे मार्चातच मेलंय. आग लागली तर ह्याला हात लावू नका, नुसतं पळा." एकदा ते माझ्या आजारी मामांना भेटायला आले. मामा अंथरुणाला खिळलेले. साडूंनी उशाशी बसून त्यांचा हात हातात घेतला, मायेनं कुरवाळला, आणि दुसऱ्या हातानं औषधाच्या बाटल्या एकेक उचलून उजेडात धरायला सुरुवात केली. चौथ्या बाटलीला त्यांनी जो "अरारारा!" असा उद्गार काढला, त्यानं मामा आपण गेलोच असं समजून रडायला लागले. बाटली खरोखरच दीड वर्ष जुनी होती आणि ती बदलल्यावर मामा पुढे चांगले हिंडूफिरू लागले, हेही सांगायला हवं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. आम्ही नावड्याला राहतो, ते करंजाड्याला. मराठवाड्यातून विशीत आले आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कागदपत्रांचे कारकून म्हणून चिकटले ते निवृत्तीपर्यंत. कुठल्या ट्रकचं परमिट कधी संपतंय, फिटनेस कधी आहे, टॅक्स कधी भरायचाय, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आता निवृत्त झाले तरी रोज सकाळी कळंबोलीला जातात आणि एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल टाकून ड्रायव्हर लोकांचे कागद तपासतात. घरी बसवत नाही, एवढंच कारण.

लेकीनं त्यांना भिंतीएवढा टीव्ही घेऊन दिला आणि त्यावर तीन-चार ऑनलाइन कंपन्यांचे पिक्चर सुरू करून दिले. सहा महिने त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, अर्धवट सोडलेला एक पिक्चर दुसऱ्या दिवशी लावायला घेतला तर तो जागेवर नाही. साडूंनी कालच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं होतं, की हा अमुक तारखेला जाणार. त्या दिवशी त्यांना नवा जन्म मिळाला. मला फोन करून ते अक्षरशः ओरडले, "पाव्हणं, पिक्चरला पण परमिट हाय!"

मग त्यांनी त्या धंद्याचा पिच्छाच पुरवला. मोठमोठ्या माणसांनी इंग्रजीत पानंच्या पानं लिहून जे मला कधी कळलं नाही, ते साडूंनी मला कळंबोलीच्या चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत समजावलं. "आपण समजतो पिक्चर त्या ऑनलाइनवाल्याचा. छ्या! मालक तो मोठा स्टुडिओ. हा नुसता भाड्यानं गाडी लावतो. दोन वर्षं, तीन वर्षं, जशी बोली हुईल तसं. आन् परमिट कुठलं, ते बघायचं. इंडियाचं असंल तर दुबईत दिसणार न्हाय. कुणी म्हणतो, मला एकट्यालाच दे, दुसऱ्याला देऊ नको. त्याचा भाव येगळा. आन् सुटा पिक्चर स्टुडिओ देत न्हाय बरं का. आपल्या बाजारात चांगली कॉइल पायजे तर सोबत गंजकं पण उचलावं लागतं ना? तसंच. पाच गाजलेले पायजेत, तर ह्ये पस्तीस पडेल पण घे. मुदत संपली की स्टुडिओ गाडी वडून नेतो, दुसऱ्याच्या दारात उभी करतो."

त्यानंतर करंजाड्याच्या त्यांच्या हॉलमध्ये एक फळा लागला. त्यावर जाणाऱ्या पिक्चरांची नावं आणि तारखा. फक्त जाणाऱ्या. नवीन काय आलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कळंबोलीच्या तीस वर्षांत एखाद्या गाडीचं परमिट सुरू झालं म्हणून कुणी त्यांना हाक मारली नव्हती, संपलं की मात्र सगळे त्यांच्याच नावानं ओरडत. पहाटे फळा तपासायचा, गेलेल्यावर काट मारायची आणि सात वाजल्यापासून फोन सुरू. "पाव्हणं, तो घोड्यावाल्याचा पिक्चर परवा चाललाय, बघून घ्या." आता घोड्यावाल्याचा पिक्चर मला जन्मात बघायचा नव्हता. पण तो चाललाय म्हटल्यावर लावावाच लागायचा. त्यांच्यामुळे मी आणि बायकोनं असे असे पिक्चर जेवणाची ताटं मांडीवर घेऊन संपवलेत, की ते काढणाऱ्यांनीसुद्धा संपवले नसतील. आणि स्वतः साडू? एकही पिक्चर बघत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "कागद बघणारा माणूस गाडीत बसून हिंडतो का?"

हे उत्तर खोटं होतं. खरं कारण अक्कांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांचं नवीन लग्न झालेलं असताना दोघं पनवेलला एका टॉकीजमध्ये पिक्चरला गेले. अक्कांचा आयुष्यातला पहिला थेटरातला पिक्चर. मध्यंतर झालं, दुसरा भाग सुरू झाला, आणि पाचच मिनिटांत पडद्याच्या खालच्या बाजूला काचेच्या पट्टीवर शाईनं लिहिलेलं साडूंचं नाव झळकलं: ताबडतोब बाहेर यावे. त्या काळी टॉकीजवाले अशा निरोपांची पट्टी दाखवत. साडू एका ट्रकचं परमिट नवीन करून घ्यायला विसरले होते. लग्नाच्या गडबडीत तारीख डोक्यातून गेली होती. माल भरलेला ट्रक घाटाखालच्या नाक्यावर अडकला होता आणि मालक टॉकीजच्या दारात उभा होता. अक्का उठल्या, मागोमाग बाहेर पडल्या. शुक्रवारी पिक्चर उतरला. पुढे तो काढणाऱ्या दोन भावांत भांडण लागलं, कोर्टात अडकला, ना कधी टीव्हीवर आला ना सीडीवर. अक्कांनी त्याचा शेवट कुणाला विचारला नाही आणि साडूंनी कुणाला सांगू दिला नाही. "एक दिवस दोघं मिळून बघू," म्हणाले होते. त्या दिवसापासून तारखा पाठ करायचा नाद लागला, आणि पिक्चर बघणं सुटलं.

गेल्या जानेवारीच्या मध्यावर मला त्यांचा फोन आला. नेहमीसारखा आवाज नव्हता. "पाव्हणं, आमचा पिक्चर फळ्यावर आलाय." भांडणाऱ्या भावांनी थकून सगळी मिळकत एका मोठ्या स्टुडिओला विकली होती, आणि स्टुडिओनं तो पिक्चर गंजक्या मालासोबत एका ऑनलाइन कंपनीच्या गळ्यात मारला होता. दोन वर्षं तो साडूंच्या टीव्हीत होता. कंपनीनं त्याला कधी पुढे आणला नाही, आणि साडूंनी येणाऱ्यांची यादी कधी उघडली नाही. एकतीस तारखेला तो जाणार, असं दिसलं तेव्हाच त्यांना कळलं की तो आला होता.

आता इथे खरी गोष्ट अशी, की अक्कांना काचबिंदू झाला होता. डावा डोळा गेलाच होता. उजव्याला समोरचं, मोठं, लख्ख उजेडातलं तेवढं दिसायचं. संध्याकाळ झाली की सगळं काळं. दोन फेब्रुवारीला पनवेलला ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू, वाढणार काही नाही, कमीही होऊ शकते. आणि त्या वेळी अक्का नाशिकला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला. मी म्हटलं, "दाजी, तिकडेच बघू दे की त्यांना. नाशिकला पण इंडियाचंच परमिट आहे." ते म्हणाले, "एकटीनं? मी उठवून आणलं व्हतं तिला." अक्का तीस तारखेला परतणार होत्या. एकतीसला दुपारी तीनचा मुहूर्त ठरला.

एकतीसला सकाळी सव्वादहा वाजता आमच्या मंडळी भाजी निवडता निवडता सहज म्हणाल्या, "काल दाजींच्या फळ्यावरचा तो तीस तारखेचा पिक्चर लावला होता हो. दुपारी एक वाजता थांबवून पोळ्या करायला उठले, दोनला येऊन बघते तर गायब. तीस तारीख संपायच्या आधीच नेला मेल्यांनी." मी हिशोब केला. तारीख अमेरिकेची! तिकडच्या पश्चिम किनाऱ्यावर रात्री बाराला तारीख लागते, तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड. ट्रकचं परमिट रात्री बारापर्यंत चालतं, म्हणून साडूंनी पिक्चरचंही तसंच धरलं होतं. आणि स्वतः कधी बघत नसल्यामुळे, काट दुसऱ्या दिवशी पहाटे मारत असल्यामुळे, त्यांना इतक्या दिवसांत हे कळलंच नव्हतं.

मी फोन लावला. ते कळंबोलीला टेबलावर होते. मी सांगितलं. ट्रकच्या हॉर्नमधून त्यांचा आवाज आला, "दुसऱ्यांदा केलं मी हे." तारखेच्या बाबतीत चुकलेला माणूस मी पाहिला आहे, पण साडू चुकलेले मी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते. "दाजी, निघा तुम्ही," मी म्हटलं, "मीही येतो."

मी स्कूटर काढली. कळंबोलीच्या सर्कलला ट्रेलर आडवा लागलेला. पुढे बघतो तर साडू एका रिकाम्या टेम्पोच्या केबिनमध्ये, खिडकीतून अर्धे बाहेर लोंबून, जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या गाडीच्या नंबरानं हाका मारतायत. "एकवीस बारा! मागं घे! तुझं फिटनेस मी करून दिलंय, ध्यानात हाय ना?" एकवीस बारा मागे सरकला. त्याच्यामागचा सरकला. वाट झाली. आम्ही करंजाड्याला पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पिक्चर होता पावणेतीन तासांचा.

"दुसराच भाग लावा," मी म्हटलं. "सव्वा तासाचा आहे. आरामात होतोय." साडूंनी मान डोलावली. अक्का नुकत्याच न्हाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्या वर्षांनी मला त्या बाईचं नावसुदीक आठवत न्हाई. पहिल्यापासून लावा." त्यांना दीड वाजायची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मी साडूंकडे पाहिलं. "नाही" म्हणायला तोंड उघडलं त्यांनी, पण निघालं ते "बरं." मला बाजूला घेऊन कुजबुजले, "आपल्या ड्रायव्हर लोकांचा एक नियम हाय. परमिट संपायच्या आत गाडी निघालेली असली, तर मुक्कामाला पोचेपर्यंत कुणी धरत न्हाय. मधी थांबला की मेला. आपण थांबायचंच न्हाय." मी विचारलं, पिक्चरला हा नियम लागू आहे का? ते म्हणाले, "त्ये दीड वाजता कळंल."

अकरा पंचवीसला पिक्चर सुरू झाला. साडूंनी आधी दाराची बेल काढून खिशात टाकली. वॉचमनला बजावून आले, की आमच्या घरी आज कुणी नाही. रिमोटवर चुकून कुणी बसेल म्हणून तो तांदळाच्या डब्यात ठेवला. कुकर लावू दिला नाही. त्याच्या शिट्टीचा टीव्हीशी काय संबंध, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अक्का टीव्हीपासून दोन हातांवर खुर्ची घेऊन बसल्या, मान जरा वाकडी करून, उजवा डोळा पुढे. साडू पिक्चरकडे पाठ करून घड्याळाकडे बघत बसले.

एक वाजता अक्का म्हणाल्या, "जरा थांबवा, मी जाऊन येते." साडू ताडकन उठले. "तू जा. मी सांगतो तुला काय चाललंय ते." आणि मग त्या माणसानं मोरीच्या दाराशी उभं राहून, मान टीव्हीकडे वळवून, जे धावतं वर्णन केलं ते आकाशवाणीनं जपून ठेवावं असं होतं. "एक माणूस आलाय. उभा हाय. आता बसला. बाईनं पाणी दिलं. प्याला. गाडी आली, पांढरी, नंबर दिसत न्हाय." आतून अक्कांचा आवाज, "बाई रडतीय का?" "न्हाय. तिचे कागद नीट दिसतायत." मी सोफ्यात तोंड खुपसून हसलो, आणि हसता हसता घड्याळ पाहिलं तर एक दहा.

एक पंचवीसला मात्र कुणी हसत नव्हतं. अक्कांना काही माहीत नव्हतं. त्या पिक्चरमध्ये बुडाल्या होत्या. साडू उभे होते, हाताची घडी इतकी घट्ट की बोटं पांढरी पडलेली. एक अठ्ठावीस. एकोणतीस. दीड वाजला. पडद्यावरची बाई विहिरीवरून घागर घेऊन चालत होती. ती चालत राहिली. एक एकतीस. घरात शिरली, घागर उतरवली. साडू हाताची घडी सोडून जमिनीवर बसले. "गाडी रस्त्यावर हाय," एवढंच पुटपुटले. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट आम्ही उसनं घेतल्यासारखं मोजलं. एक चाळीसला चित्र थिजलं. मधोमध ते पांढरं चक्र फिरायला लागलं. अक्का म्हणाल्या, "काय झालं?" साडूंचे डोळे मिटलेले. चक्र फिरलं, फिरलं, आणि पुन्हा आवाज आला. मी आयुष्यात कुठल्या पिक्चरमधल्या गाण्यानं इतका आनंदलो नाही.

दोन वाजले. शेवट आला. समुद्राच्या धक्क्यावर संध्याकाळ झालेली. नायक त्या बाईची वाट बघत उभा. शेवटची लाँच येतेय. संवाद एकही नाही, नुसती सनई. आणि पडदा इतका अंधारा, की मलाही डोळे ताणावे लागत होते. अक्कांनी खुर्ची अजून पुढे ओढली. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग हात मागे करून त्यांनी साडूंना चाचपलं. "अहो, मला काळंच दिसतंय. सांगा ना. लाँच आली का?"

साडू त्यांच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसले. पहिल्यांदाच ते पूर्ण पडद्याकडे बघत होते. "आली."

"ती हाय का त्यात?"

लाँच धक्क्याला लागली. एक म्हातारा उतरला, दोन कोळणी उतरल्या, एक पोतं उतरलं. मग कुणीच नाही. नायक बघत राहिला. लाँच रिकामी होती.

"हाय," साडू म्हणाले. "उतरली बघ."

"एकटीच?"

"एकटीच. हातात पिशवी हाय. पिवळं लुगडं." त्यांचा आवाज घट्ट होता, कागद वाचून दाखवताना असतो तसा. "त्यानं बघितलं तिला. पिशवी घेतली तिच्या हातातली. चाललेत दोघं."

पडद्यावर तो माणूस एकटा पाठमोरा चालला होता. सनई संपली. नावं आली. अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. येणारच ती." मग टीव्ही त्याच्या पहिल्या पानावर गेला, आणि साडूंनी डब्यातून रिमोट काढून मुद्दाम तो पिक्चर पुन्हा शोधला. नव्हता. कुठेच नव्हता. ते माझ्याकडे वळून बघेनात.

ऑपरेशन झालं. होती तेवढी नजर राहिली, थोडी कमी झाली. गणपतीच्या आधी मी सहज दुसऱ्या एका कंपनीची यादी चाळत होतो, तर तो पिक्चर तिथे. स्टुडिओनं गाडी दुसऱ्याच्या दारात उभी केली होती. मी साडूंना फोन केला. ते म्हणाले, "आला त्याच दिवशी बघितलं मी. आता येणाऱ्यांची यादी पण रोज बघतो." मग म्हणाले, "दोन वर्षं हाय तिथं. घरात ती कंपनी बंद करून टाकली मी. तुमच्या मंडळींना पण काय बोलू नका."

मी बोललो नाही. परवा करंजाड्याला गेलो होतो. शेजारच्या बायका बसल्या होत्या आणि अक्का त्यांना तो पिक्चर सांगत होत्या, शेवटापर्यंत. लाँच, पिशवी, पिवळं लुगडं, सगळं. साडू कोपऱ्यात कुणाच्या तरी गॅसच्या नळीवरची तारीख वाचत होते, चष्मा नाकावर, मान खाली. एक बाई म्हणाली, "अहो, आमच्या ह्यांनी बघितलाय तो, ते तर म्हणतात ती येतच नाही." अक्का हसल्या. मग मी बसलो होतो त्या रोखानं तोंड करून त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमी पण व्हता ना? तुमचे तर डोळे चांगले हायत. आली व्हती का न्हाई ती?"

साडूंनी मान वर केली नाही. नळी हातात तशीच धरलेली.

"आली होती, अक्का," मी म्हणालो. "मी पाहिलं."